विक्रांतवरून कामठ्याला

कामठा हे गोंदियाजवळचे गाव धानाच्या बांध्यांचे, तळ्यांचे, जुन्या जमीनदारीचे. १८१८ साली अप्पासाहेब भोसल्यांच्या पडत्या काळात येथील चिमणा पटेलाने इंग्रजांविरुद्ध बंड पुकारले, एवढा एक उल्लेख सोडला तर मोठ्या इतिहासाने या गावाकडे फारसे पाहिलेले नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० साली, शेजारच्या बिरसी येथे इंग्रजांनी धावपट्टी बांधली, म्हणून विमाने तरी या परिसराने पाहिली. समुद्र मात्र नाही. गोंदियाहून मुंबई रेल्वेने साडेनऊशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. असे असताना भारतीय नौदलाच्या एका युद्धनौकेचा पत्ता या गावातील एका घरी पंधरा वर्षे वाण्याच्या हिशेबाच्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवलेला होता. त्या घरचा मुलगा 'विक्रांत'वर खलाशी होता.

गेल्या वर्षी त्या मुलाचे, म्हणजे एका वयोवृद्ध निवृत्त नौसैनिकाचे, निधन झाले. महिन्याच्या मिस्सेनंतर त्यांची कन्या बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेऊन माझ्याकडे आली. "फादर, तुम्हाला जुन्या कागदांची आवड आहे. हे फेकवत नाही आणि ठेवायचे कशासाठी तेही कळत नाही," असे ती म्हणाली. डब्यात दोन बाजूंची पत्रे होती. मुलाने आईला लिहिलेली, आणि आईने कुणाकडून तरी लिहवून मुलाला धाडलेली. ती त्याने सुट्टीवर येताना परत आणून आईच्याच स्वाधीन केली होती. मी पाकिटे एकेक करून बाहेर काढली आणि माझा चेहरा उतरला असावा, कारण तिने विचारले, "काय झाले?" बहुतेक प्रत्येक पाकिटाचा उजवीकडचा वरचा कोपरा कात्रीने चौकोनी कापून नेलेला होता. ती कात्री माझी होती.

वाचकहो, यातील जुन्या पिढीला ती प्रथा आठवत असेल. वापरलेली टपाल तिकिटे गोळा करून, ती संग्राहकांना विकून मिशनकार्यास चार पैसे मिळवावेत, हा उपक्रम जगभरच्या कॅथलिक शाळांतून आणि धर्मग्रामांतून चालत असे. आम्ही सेमिनरीतील मुले सुट्टीत घरोघर हिंडून पाकिटे मागायचो. तिकीट सोलायचे नाही, भोवती पाव इंच कागद राखून कापायचे, दाते दुखवायचे नाहीत, अशी आम्हाला सक्त सूचना असे. ती आम्ही निष्ठेने पाळली. १९८० च्या दशकातील एका मे महिन्यात मी त्या मावशींच्या ओसरीवर बसून तो डबा रिकामा करावा तसा साफ केला होता. मावशींनी चहा दिला आणि "देवाच्या कामाले लागते तर ने ना बाबा," असे म्हणून आशीर्वादही दिला. तिकिटे गेली याचे दुःख नाही. ती अगदी साधी, लाखांनी छापलेली होती. तिकिटाबरोबर पोस्टाचा शिक्का गेला, आणि शिक्क्याबरोबर पत्राची तारीख व ठिकाण गेले. मुलगा पत्रावर तारीख घालत नसे. 'सोमवार', 'रविवार संध्याकाळ' एवढेच.

टपालाच्या शिक्क्याकडे पाहण्याची दृष्टी मला पुढे फार उशिरा आली. तिकिटांचा छंद सर्वांना ठाऊक आहे. परंतु अखंड पाकीट जपणारे, त्यातही युद्धनौकांवरून आलेली पाकिटे जपणारे, हा त्या छंदाचा एक निराळाच पंथ आहे. त्याचे मूळ समुद्रावरील टपालाच्या अडचणीत आहे. संत फ्रान्सिस झेवियर ७ एप्रिल १५४१ रोजी लिस्बनहून निघाले ते ६ मे १५४२ रोजी गोव्यास पोहोचले. पत्रालाही हाच काळ लागे. एक गलबत बुडाले तरी दुसऱ्यातून मजकूर पोहोचावा, म्हणून येशूसंघीय धर्मगुरू एकाच पत्राच्या प्रती वेगवेगळ्या जहाजांतून रवाना करीत. आज या प्रती अभ्यासकांना उपयोगी पडतात. त्या काळी तो जीव मुठीत धरून केलेला पत्रव्यवहार होता. ज्या जहाजातून पत्र गेले त्याचे नाव पत्राच्या नशिबाशी बांधलेले असे, ही जाणीव तेव्हापासूनची.

पुढे टपालखाते संघटित झाले. इंग्लंडमध्ये १७९५ साली सैनिक व खलाशी यांना एका पेनीत पत्र धाडण्याची सवलत मिळाली, मात्र पाकिटावर त्याच्या तुकडीच्या किंवा जहाजाच्या प्रमुखाची सही हवी, अशी अट होती. आज अशी सही असलेले पाकीट सापडले की संग्राहक हरखून जातो. आपल्या मुंबईचे उदाहरण याहून मनोरंजक आहे. १८६८ साली मुंबई–सुएझ मार्गावर 'सी पोस्ट ऑफिस' सुरू झाले. पी. अँड ओ. कंपनीच्या आगबोटीवर टपाल कारकून बसत आणि जहाज चालू असताना थैल्या फोडून पत्रांची वर्गवारी करीत, म्हणजे बोट धक्क्याला लागताच टपाल पुढच्या गाडीत चढवता येई. रेल्वेत आर. एम. एस. चे डबे असतात, तोच प्रकार पाण्यावर. १९१४ च्या महायुद्धाने ही व्यवस्था बंद पडली. तिचे शिक्के तेवढे उरले आहेत. भर समुद्रात जहाजावर टाकलेल्या पत्रांसाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात 'पॅकबोट' हा फ्रेंच शब्द आंतरराष्ट्रीय टपाल करारान्वये रूढ झाला. पत्र ज्या बंदरात उतरे तेथे त्यावर हा शब्द उमटे, आणि त्यामुळे एका देशाचे तिकीट दुसऱ्या देशाच्या शिक्क्याने रद्द झालेले दिसे.

युद्धनौकेवर स्वतंत्र टपाल कार्यालय ही अमेरिकी नौदलाची देणगी. १९०८ साली तेथे जहाजांवर टपालघरे उघडली. प्रत्येक जहाजाला आपल्या नावाचा शिक्का मिळाला. १९३० च्या दशकात त्याचा मोठाच छंद झाला. संग्राहक स्वतःचा पत्ता लिहिलेले, तिकीट लावलेले पाकीट जहाजावरील टपाल कारकुनाकडे पाठवीत. तो त्यावर जहाजाचा शिक्का मारी, शिक्क्याच्या आडव्या रेघांमध्ये बंदराचे नाव किंवा त्या दिवसाचा प्रसंग रबरी अक्षरांनी जुळवी, आणि पाकीट परत टपालात सोडून देई. पाकिटाच्या डाव्या बाजूला जहाजाचे चित्र वा बोधचिन्ह छापण्याची पद्धत पडली. १९३२ साली अशा संग्राहकांची संस्थाही स्थापन झाली. फ्रान्सिस लोसी नावाच्या डॉक्टरांनी या शिक्क्यांची इतकी बारीक प्रतवारी लावली की ती आजही वापरात आहे. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट हे स्वतः तिकिटांचे नादी होते. त्यांच्यामुळेही या छंदाला प्रतिष्ठा लाभली. मग युद्ध आले. जहाज कोठे आहे हे शत्रूला कळू नये म्हणून शिक्क्यांतून जहाजांची नावे काढून टाकण्यात आली. इंग्रजांनी आपल्या युद्धनौकांवरील टपाल किनाऱ्यावर आणून त्यावर नुसते 'मेरिटाइम मेल' असे उमटवले. जहाजाचे नाव नाही, बंदराचे नाव नाही. पर्ल हार्बरला बुडालेल्या 'अरिझोना'चा शिक्का असलेली पूर्वीची पाकिटे मात्र तेव्हापासून आजपर्यंत लोक शोधत फिरतात.

आपल्याकडे मार्ग वेगळा. भारतीय नौदलाचे टपाल 'फ्लीट मेल ऑफिस'मार्फत चालते. घरच्यांनी खलाशाचे नाव, हुद्दा, क्रमांक, जहाजाचे नाव आणि खाली 'द्वारा फ्लीट मेल ऑफिस, मुंबई' एवढे लिहायचे. जहाज त्या क्षणी कोचीला आहे, अंदमानात आहे की अरबी समुद्राच्या मध्यावर, हे टपालखात्याने पाहायचे. येताना पत्रावर शिक्का पडे तो त्या कार्यालयाचा. जहाजाचे नाव असेल तर पाकिटाच्या कोपऱ्यात उमटवलेल्या रबरी ठशात. एवढ्यावरच समाधान मानावे लागते.

विक्रांतची कथा येथे सांगणे भाग आहे. ही विमानवाहू नौका मूळची इंग्रजांची. 'हर्क्युलिस' नावाने तिचे बांधकाम १९४३ साली सुरू झाले, २२ सप्टेंबर १९४५ रोजी ती पाण्यात सोडली गेली, पण युद्ध संपल्याने ती अपुरीच राहिली. भारताने १९५७ मध्ये ती विकत घेतली. ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्ट येथे विजयालक्ष्मी पंडित यांच्या हस्ते ती नौदलात दाखल झाली आणि ३ नोव्हेंबर १९६१ रोजी मुंबईत आली, तेव्हा स्वागताला पंडित नेहरू स्वतः हजर होते. हजाराहून अधिक माणसे वागवणारे ते एक तरंगते गाव होते. त्या काळच्या कामठ्याहून फार लहान नव्हे!

१९७१ च्या उत्तरार्धात या नौकेच्या बाष्पकांपैकी एकाला तडे गेले होते, वेग मंदावला होता, आणि तिला मुंबईहून हलवून बंगालच्या उपसागरात नेण्यात आले. पाकिस्तानची 'गाझी' ही पाणबुडी तिच्या मागावर होती. पूर्व विभागाचे प्रमुख व्हाइस अ‍ॅडमिरल कृष्णन यांनी विक्रांत गुपचूप अंदमानाकडे पाठवली आणि 'राजपूत' ही जुनी विनाशिका विशाखापट्टणमजवळ ठेवून तिच्याकडून विक्रांत असल्याची बतावणी करवली. बाजारात मोठ्या जहाजाला पुरेल इतक्या शिधासामग्रीची मागणी नोंदवली गेली. याखेरीज आणखी एक युक्ती करण्यात आली. ती कृष्णन यांनी आपल्या आठवणींत नमूद केली आहे आणि माझ्या विषयाशी तिचा नाजूक संबंध आहे. विक्रांतवरील एका खलाशाने आपल्या अत्यवस्थ आईच्या प्रकृतीची चौकशी केली आहे, अशा खासगी तारेच्या स्वरूपाचा एक संदेश सांकेतिक न करता मुद्दाम उघड पाठवण्यात आला. शत्रूने तो ऐकावा अशीच इच्छा होती. खलाशी आणि आई यांच्यामधला निरोप सर्वांना खरा वाटणार, हे हेरखात्याला ठाऊक होते. ३ आणि ४ डिसेंबरच्या दरम्यानच्या रात्री गाझी विशाखापट्टणमसमोर बुडाली. ४ डिसेंबरला विक्रांतवरून उडालेल्या सी हॉक विमानांनी कॉक्स बझार आणि चितगाववर हल्ले चढवले.

डब्यातील पत्रे पुन्हा वाचताना मी या प्रसंगाशी अडखळलो. त्या दिवसांत कामठ्याच्या त्या माउलीला आपला मुलगा कोठे आहे हे ठाऊक नव्हते. तिने लिहवलेल्या पत्रांवर पत्ता तोच, 'फ्लीट मेल ऑफिस, बॉम्बे'. मुलगा मुंबईत आहे, या समजुतीत ती होती. नौका खरोखर कोठे आहे हे शत्रूलाही कळू नये, असा नौदलाचा प्रयत्न होता. यात कुणाचा दोष नाही. तरीपण त्या माउलीच्या अज्ञानाचा देशाला उपयोग झाला, हे वाक्य लिहिताना माझी लेखणी थोडी थांबते.

तिच्या पत्रांवर आणखी एक गोष्ट होती, जी मी कापून नेली. १५ नोव्हेंबर १९७१ पासून ३१ मार्च १९७३ पर्यंत सरकारने निर्वासितांच्या साहाय्यासाठी टपालावर पाच पैशांचा अधिभार बसवला होता. पूर्व बंगालमधून लोंढेच्या लोंढे येत होते. सुरुवातीस नवी तिकिटे सर्वत्र पोहोचली नाहीत, म्हणून ठिकठिकाणच्या टपाल कचेऱ्यांनी नेहमीच्या पाच पैशांच्या तिकिटावर 'रेफ्युजी रिलीफ' असा रबरी शिक्का मारून वेळ निभावली. या स्थानिक शिक्क्यांचे अक्षर, शाई, मांडणी गावागणिक निराळी, आणि आज त्यांचा अभ्यास करणारे अभ्यासक आहेत. सुटे तिकीट असेल तर त्याला फारशी किंमत नाही. तेच पाकिटावर, त्या गावच्या तारीखशिक्क्यासह असेल तर तो पुरावा ठरतो. आम्ही मिशनला धाडलेल्या पुडक्यात अशी तिकिटे किलोच्या भावाने गेली. ज्या निर्वासितांसाठी एका धान पिकवणाऱ्या विधवेने ते पाच पैसे दिले, त्याची खूण आम्ही परोपकाराच्याच हेतूने पुसली.

कापलेले पाकीट अगदीच मुके नसते, हे मला पाठीमागच्या बाजूने शिकवले. त्या काळी पत्र पोहोचल्याचा शिक्का पाकिटाच्या पाठीवर मारीत. कात्रीने कोपरा गेला तरी पाठीचा मध्यभाग बचावलेला असतो. मी भिंग घेऊन बसलो. मुलाच्या बारा पाकिटांपैकी सातांवर गोंदियाचा किंवा कामठ्याचा शिक्का कमीअधिक वाचता आला. पत्त्यातील इतर गोष्टीही बोलू लागल्या. ज्यांवर पिनकोड नाही ती बहुधा १५ ऑगस्ट १९७२ पूर्वीची. कारण श्रीराम भिकाजी वेलणकर या आपल्या मराठी माणसाने, संस्कृत कवीने, आखलेली ती पद्धत त्या दिवशी सुरू झाली. 'बहुधा' म्हणतो, कारण खेड्यात पिन लिहिण्याची सवय लागायला वर्षे गेली. सर्वांवर 'जिल्हा भंडारा' आहे; गोंदिया जिल्हा १ मे १९९९ ला झाला. इतिहासाचे प्राध्यापक ज्याला साधनचिकित्सा म्हणतात ती हीच, फक्त साधन वाण्याच्या दुकानातले पाकीट आहे.

एका पाकिटाच्या पाठीवर १८ डिसेंबर १९७१ ही तारीख स्पष्ट आहे. ढाक्याची शरणागती १६ डिसेंबरची. आतील पत्र आठ ओळींचे. मी मजेत आहे, जेवण चांगले मिळते, धानाची कापणी झाली का, बैलाचा पाय कसा आहे, नाताळाला येता येणार नाही, माझ्या वाटणीची मेणबत्ती तू लाव. युद्धाचा एक शब्द नाही. लिहायला परवानगी नसणार, आणि असती तरी त्याने लिहिले असते असे मला वाटत नाही. ९ डिसेंबरच्या रात्री दीवच्या किनाऱ्यापासून सुमारे चाळीस सागरी मैलांवर 'खुकरी' ही फ्रिगेट पाकिस्तानी पाणबुडीच्या टॉर्पेडोने बुडाली होती. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. रेडिओवर 'नौदलाचे जहाज बुडाले' एवढे कानी पडलेल्या खेड्यातल्या आईला खुकरी आणि विक्रांत यांतला फरक काय सांगणार? १८ तारखेपर्यंत ती काय करीत होती, हे कोणत्याही शिक्क्यावर वाचता येत नाही. लेकीने सांगितले की आजी त्या दिवसांत रोज संध्याकाळी रोझरीची एक माळ जास्त म्हणत असे, आणि पुढेही, मुलगा निवृत्त होऊन घरी आल्यावरही, ती जास्तीची माळ तिने सोडली नाही.

आता समारंभी पाकिटांविषयी, कारण छंद करणाऱ्यांचा ओढा तिकडे असतो. १ मार्च १९७२ रोजी सैन्याच्या टपाल सेवेला स्वतंत्र दलाचा दर्जा मिळाला. नौकेचे जलावतरण, ताफ्यात दाखल होणे, निवृत्ती, राष्ट्रपतींकडून ताफ्याची पाहणी अशा प्रसंगी चित्रमय विशेष पाकिटे निघतात. टपालखात्याची तिकिटेही आहेत. माझगाव गोदीत तयार झालेल्या 'निलगिरी'चे तिकीट १५ डिसेंबर १९६८ रोजी नौदल दिनानिमित्त निघाले. 'तारागिरी'चे ४ डिसेंबर १९८१ रोजी, तेही नौदल दिनाचेच. एकाच दिनाच्या या दोन तारखा पाहून नवशिक्या गोंधळतो. कराचीवरील १९७१ च्या हल्ल्याच्या स्मरणार्थ १९७२ पासून नौदल दिन १५ वरून ४ डिसेंबरला आणला गेला, हे त्या दोन प्रथमदिवस पाकिटांवर आपोआप नोंदले आहे. फेब्रुवारी १९८४ मधील ताफ्याच्या पाहणीवेळी चार तिकिटांचा संच निघाला, त्यात विक्रांत आहे. १९९९ साली कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचे तिकीट आले. २८ जानेवारी २००० रोजी शौर्यपदक विजेत्यांच्या मालिकेत कप्तान मुल्ला यांचे तिकीट निघाले. त्याच मालिकेत छोटा नागपूरच्या मातीतला आपला लान्स नायक अल्बर्ट एक्का आहे. हा संच आमच्या धर्मग्रामातील मुलांना दाखवतो तेव्हा ती मुल्लांचे जहाज पाहतात आणि एक्काचे नाव मोठ्याने वाचतात.

अशी पाकिटे दिसायला देखणी, शिक्का नीट गोल, शाई काळीभोर, पत्ता कोरा. प्रवास मात्र त्यांनी केलेला नसतो. जाणते संग्राहक त्यांना थोडे नाक मुरडतात. मीही पूर्वी मुरडत असे. पण ३१ जानेवारी १९९७ रोजी विक्रांत निवृत्त झाली, २००१ पासून काही वर्षे मुंबईत वस्तुसंग्रहालय म्हणून उभी राहिली, २०१२ मध्ये तेही बंद झाले, २०१४ मध्ये लिलावात भंगारासाठी विकली गेली आणि दारूखान्यात तिचे तुकडे झाले. त्या पोलादाचा काही भाग वितळवून त्यातून मोटारसायकलीही निघाल्या. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीला त्याच नावाची नवी नौका दाखल झाली. जुनीचे आता छायाचित्रे, काही अवशेष आणि कागदच उरले आहेत. तेव्हा कोऱ्या पत्त्याचे समारंभी पाकीटही कुणी जपून ठेवले असेल तर मी त्याला नावे ठेवणार नाही. मात्र दोन्ही समोर ठेवून एकच उचला असे कुणी म्हटले, तर मी कापलेलेच उचलीन.

तिकिटांचा तो उपक्रम चुकीचा होता असे मला म्हणायचे नाही. त्या पैशांतून कुठे तरी औषध आले असेल, कुठे शाळेचे छप्पर. पण त्या वेळी पाकीट आणि तिकीट यांतला फरक सांगणारे कुणी भेटले असते, तर बारा पाकिटांची तिकिटे तशीच राहिली असती आणि मिशनचे कदाचित बारा आण्यांचेही नुकसान झाले नसते. कन्येला मी हे सर्व सांगितले, कात्री माझी होती हेही सांगितले. ती हसली आणि म्हणाली, "बाबा सांगत होते, कुणी तरी ब्रदर येऊन तिकिटे घेऊन गेला. तुम्हीच होय ते!"

डबा आता तिच्या घरी आहे. प्रत्येक पाकीट तिने आम्लविरहित कागदात गुंडाळून, पाठीवरच्या तारखेप्रमाणे लावले आहे. स्टेपलर वा सेलोटेप लावू नये एवढे मी बजावले. ज्या पाच पाकिटांवर काही वाचता आले नाही ती वेगळी ठेवली आहेत. त्यांपैकी एकाच्या पाठीवर तिरका, पुसट शिक्का आहे. दिवस उमटलेला नाही, वर्षाचा ७ एवढाच आकडा दिसतो, आणि महिन्याच्या जागी 'डी' हे एक अक्षर. आतल्या पत्रात त्याने लिहिले आहे, 'माय, दोन दिवस झोप नाही, पण सगळे ठीक आहे.' ते पाकीट १८ तारखेच्या आधी ठेवावे की नंतर, यावर आमचे दोघांचे अजून एकमत झालेले नाही.